बिनकोटाचा कायदा

"थांबा. कोणत्या भाषेत म्हणलाव?"

बाई हे वाक्य नुसतं तोंडानं म्हणत नसत. आधी उजवा हात वर जाई, तळवा पुढं, पाचही बोटं ताठ. चौकातला पोलीस बैलगाडी अडवतो तसा त्या समोरच्याचा शब्द अडवत. मग तो भाजीवाला असो की तहसीलदार, त्यानं आपलं बोलणं तिथंच ठेवायचं, आधी भाषा सांगायची आणि मग पुढं जायचं. नवखा माणूस गांगरून जाई. आम्हाला सवय होती.

तसं पाहिलं तर बीदरकडच्या आमच्या हुमनाबादेत ही शंका वेडगळ नव्हे. इथला माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो आणि भांडण रंगात आलं की दखनी उर्दूत शिरतो. पुष्कळदा एकाच वाक्यात तिन्ही आटोपतो. त्यातून आमचं कुणाचं फारसं अडत नाही. अडलं ते बाईंचं. एका शब्दापायी त्यांची सरकारी नोकरी गेली.

बाई मूळच्या हुलसूरच्या. लग्न होऊन इकडं आल्या आणि निर्णा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण झाल्या. आमचा भाग म्हैसूर राज्यात जाऊन तेव्हा चारदोन वर्षंच झाली होती. शाळा मराठी, कागद कन्नड-इंग्रजी आणि वरचे साहेब निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. अशा तिवईवर शाळा चालली होती. निर्ण्याचे हेडमास्तर आपल्या गाईचं वासरू शाळेच्या ओसरीत बांधत. एके दिवशी त्या वासरानं पहिलीतल्या एका पोरीची पाटी चाटून कोरी केली. बाईंनी दावं सोडून वासरू हाकललं. ते थेट शेजारच्या मिरचीत घुसलं, आणि तिथून जे भांडण सुरू झालं ते इन्स्पेक्टरसाहेबांपर्यंत पोचलं.

साहेब आले. दोघांचं ऐकून घेतलं. निघता निघता म्हणाले, "मामला बढ़ाओ नक्को. शाम तक दोनों राजीनामा लिख के देव." आणि टांग्यात बसून गेले.

आता जुन्या निजामी कचेरीत दोन पक्षांनी आपसांत मिटवलं की जो समेटाचा कागद लिहीत, त्याला राजीनामा म्हणत. उर्दूत शिकलेल्या हेडमास्तरांना हे ठाऊक होतं. बाई पडल्या मराठीत शिकलेल्या. मराठीत राजीनामा म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाईंना वाटलं, साहेब मोठे न्यायी, दोघांनाही घरी पाठवायलेत. अभिमान तर असा की हेडमास्तरांच्या आधी आपला कागद गेला पाहिजे. त्यांनी बोरू काढला, वळणदार अक्षरात नोकरी सोडल्याचं लिहिलं आणि तो कागद हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. हेडमास्तरांनी तो वाचला. चकार शब्द बोलले नाहीत. आपला समेटाचा कागद खिशात घातला आणि बाईंचा तेवढा वर पाठवला. त्या माणसाबद्दल मी याहून जास्त काही लिहीत नाही, कारण लिहायला लागलो तर माझ्या तोंडून दखनी यायला लागेल.

पुढं बाई बीदरच्या ऑफिसात गेल्या तेव्हा तिथल्या कारकुनानं हसत हसत सांगितलं, की साहेब समेट करा म्हणाले होते. बाईंनी अर्ज केला. उत्तर आलं, आपण स्वखुशीनं राजीनामा दिलेला आहे. तोवर साहेबांची रायचूरकडे बदली झाली होती.

"मी राजी न्हवते आन् खुशी तर न्हवतेच न्हवते," बाई म्हणत. "मग राजीखुशी कुणाची झाली, अण्णा?"

मी वयानं त्यांच्याहून लहान, तरी त्या मला अण्णाच म्हणायच्या. बसस्टँडसमोर माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. नोकरी गेल्यावर बाईंनी शेजारच्याच खोलीत बालवाडी काढली होती. माझ्याकडची खटखट आणि त्यांच्याकडचे पाढे एकमेकांत मिसळत. माझे विद्यार्थी बे दाहे वीसच्या तालावर टाईप करायचे. त्यांचा वेग बरा असे, हे कबूल करायला हवं.

गाव हसतं, आणि आमचं गाव तर जरा जास्तच. पुष्कळ वर्षं कुणी रुसून उठून गेलं की लोक म्हणत, "बाईवानी राजीनामा देऊ नको." बाईंच्या कानावर ते जाई. त्या हसण्यावारी नेत, पण त्या दिवशी बालवाडीतले पाढे जरा मोठ्यानं चालत.

तळव्याची सवय त्यातूनच लागली. तिचा उपयोगही होई. हुलसूरच्या त्यांच्या भाच्याची सोयरीक आळंदच्या मुलीशी जमत आली होती. मुलीचे वडील पक्के कानडी. तिथीचं विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "अवसर इल्ल." मुलाचे मामा उदगीरकडचे. त्यांना कानडीचा गंध नाही. ते ताडकन उठले. "अवसर न्हाई म्हंजे? आमाला तरी कुठं हाय? चला रे!" चपला पायात गेल्या होत्या. इतक्यात बाईंचा हात वर गेला. "थांबा. कोणत्या भाषेत म्हणले ते? कानडीत अवसर म्हंजे घाई. घाई न्हाई म्हणायलेत पाहुणे, निवांत करू म्हणायलेत." चपला पुन्हा पायातून निघाल्या, आणि पोहे आले. त्या लग्नात मीही जेवलो आहे. जिलबी चांगली होती.

नोकरी गेल्यावर बाईंनी घरी बसून बाहेरून बी.ए. केलं. ते कशासाठी, हे कुणाला कळलं नव्हतं. त्यांचे यजमान पोस्टात होते, बोलायला अगदी मोजके. बाईंनी काहीही म्हटलं की "व्हय व्हय" म्हणत. त्यांना विचारलं तर त्यांनी तेच उत्तर दिलं. राज्याचं नाव कर्नाटक झाल्यावर काही दिवसांनी एका दुपारी बाई माझ्याकडे आल्या आणि समोरच्या बाकावर बसल्या.

"अण्णा, गुलबर्ग्याला लॉ कॉलेजात अर्ज करायलेय मी."

"वकील होणार?"

हात वर. "वकील न्हाई म्हणले. कायदा म्हणले."

गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात तेव्हा पदवीनंतर करायचा दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम होता. संध्याकाळी वर्ग भरत. कायदा सगळा शिकवत, पण ती पदवी घेऊन कोर्टात उभं राहता येत नसे. बँकेतले, महसुलातले लोक बढतीच्या आशेनं तो करत. बाईंना ना बढती ना खातं. गावात बातमी फुटल्यावर कुणीतरी त्याला नाव ठेवलं, बिनकोटाचा कायदा. काळा कोट मिळणार नसेल तर एवढा उपद्व्याप कशाला, असं जो तो विचारू लागला.

"स्वयंपाक शिकलं म्हंजे खानावळच काढावी लागती व्हय?" बाई म्हणाल्या.

अर्ज इंग्रजीत हवा होता. त्यात एक जागा अशी होती, की हा विषय आपल्याला कशासाठी शिकायचा आहे ते लिहा. मी अशा कामात मुरलेला. मशीनवर कागद चढवला आणि समाजसेवा, स्त्रियांची उन्नती, देशाची प्रगती असा झकास मजकूर ठोकून दिला. बाईंनी एकेका शब्दाचा अर्थ विचारला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे कुणाचं हाय?"

"तुमचंच की, बाई."

"माझं न्हाई. मी आसं कधी म्हणले? एकदा दुसऱ्याच्या अर्थाचं लिहून बसले, अण्णा. आता न्हाई लिहायची."

कागद फाडला. नवा चढवला. बाईंनी सांगितलं ते तेवढंच मी टाईप केलं: एका शब्दामुळे माझी नोकरी गेली. माझ्या मनात नसलेली गोष्ट माझ्या सहीनं खरी कशी ठरते, हे मला समजून घ्यायचं आहे. माझ्या हातून आजवर हजारो अर्ज गेले असतील. मला पाठ आहे तो हा एकच.

पण घोडं अडलं पुढं. अर्जासोबत शिफारस जोडायची होती, आणि ती उमेदवाराचं काम पाहिलेल्या वरिष्ठाची हवी होती. बालवाडीवर वरिष्ठ कुठला? बाईंचं काम पाहिलेला वरिष्ठ जगात एकच होता. तो रिटायर होऊन गुलबर्ग्यात राहत असल्याचं बाईंना ठाऊक होतं. त्याच्या दारात जायचं नाही, हेही त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. दोन-तीन दिवस बालवाडीतले पाढे फार मोठ्यानं चालले. मग त्या आल्या आणि म्हणाल्या, "तुमी चला संगं. मला एकटीला जमायचं न्हाई."

साहेबांचं घर जुन्या वस्तीत होतं. अंगणात डाळिंबाचं झाड, झाडाखाली खाट, खाटेवर साहेब. पार वाळून गेले होते. नजर कमी झाली होती. बाईंनी नमस्कार केला आणि सांगितलं, "साहेब, मी निर्ण्याची बाई. वासरू सोडलेली."

साहेबांनी मान वर केली. चेहरा बदलला. "वो मगरूर बाई?"

बाईंचा हात वर गेला नाही.

"मैं तुमारी भलाई के वास्ते राजीनामा बोला," साहेब म्हणाले. "तुम इस्तीफा मुँह पे मार के गये. इतने बरस हो गये, मेरे दिल से निकला नहीं वो. मैं किसी मास्टरनी का बुरा नहीं किया कभी."

"साहेब," बाई म्हणाल्या, "आमच्या मराठीत इस्तीफ्यालाच राजीनामा म्हणतेत."

साहेबांनी तो शब्द एकदा स्वतःशी पुटपुटून पाहिला. मग पुन्हा. मग चष्मा काढला आणि हातातच धरून बसले.

"या अल्ला. मैं तो सुलह बोला था, बेटी. तुम नौकरीच छोड़ दिये!"

आणि बाई रडल्या. नोकरी गेली तेव्हा रडल्या नव्हत्या, असं त्यांचे यजमान सांगत. इथं रडल्या. मीही डाळिंबाकडे बघायला लागलो. इतकी वर्षं बाई समजत होत्या की आपली चूक कळूनही या माणसानं आपल्याला बुडवलं, आणि हा माणूस समजत होता की या बाईनं आपला समेट लाथाडला. दोघांच्याही मनात सल, आणि सलायला कारण काडीचंही नाही. तुम्हीही अशी भांडणं पाहिली असतील. पण त्यांचं मूळ असं समोरासमोर उकरून निघालेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

चहा आला. मी टाईप करून आणलेली शिफारस काढली, तसा साहेबांनी कागदासाठी हात पुढं केला. "लाव. किधर सही करना?"

आता मात्र तळवा वर गेला. "आसं न्हाई साहेब. आधी तुमच्या भाषेत ऐका, मग करा."

मग मी इंग्रजी मजकूर एकेक ओळ माझ्या मोडक्या दखनीत सांगितला. साहेब प्रत्येक ओळीला "हौ" म्हणाले. एका ठिकाणी मी 'कर्तव्यदक्ष'ला काय म्हणायचं म्हणून अडलो, तर त्यांनीच दोन शब्द सुचवले. खाली त्यांनी उर्दूत सही केली. ती करताना हात बराच वेळ चालला.

मुलाखतीची हकीकत बाईंनी स्वतः सांगितली. प्राचार्य म्हणाले, ही पदवी घेऊन वकिली करता येणार नाही, माहीत आहे ना? बाई म्हणाल्या, माहीत आहे. प्राचार्य म्हणाले, या वयात? बाई म्हणाल्या, "कायद्यात दाव्याला मुदत आसती म्हणतेत. शिकायलाबी हाय व्हय, सर?" प्राचार्य हसले. बाईंना वाटलं, जमलं. पण पहिल्या फेरीत त्यांचं नाव लागलं नाही. जागा थोड्या आणि बँकवाले पुष्कळ.

ते दिवस वाईट गेले. बाई रोज येऊन बाकावर बसत. मी उगाच मशीन पुसत राही. गावाला नवी म्हण मिळाली होती, "कोटबी न्हाई आन् कायदाबी न्हाई." यजमानांनी तर एकदा चक्क पूर्ण वाक्य उच्चारलं. "पुढच्या साली बी भरू की फारम," ते म्हणाले, आणि आपल्याच आवाजाला दचकून निघून गेले.

मग एका सकाळी गुलबर्ग्याहून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरनं बालवाडीच्या दारातूनच हाक मारली, "अक्का! सीट सिक्कैती! तुमाला सांगायला लावलंय."

हात वर गेला. "थांब. सीट मिळाली म्हणायलास ना? बसमधली का कॉलेजातली?"

"कॉलेजातली, अक्का! कुणा बँकवाल्याची बदली झालीय!"

वर गेलेला तो हात तसाच राहिला. मग तो सावकाश तोंडावर आला. पोरांचे पाढे थांबले होते. बाई पोरांना म्हणाल्या, "म्हणा की रे. कामून थांबलाव?"

आठवडाभर त्या गुलबर्ग्याला बहिणीकडे राहत आणि रविवारी परत येत. बालवाडी एका शिकलेल्या मुलीवर सोपवली होती. यजमान भात करायला शिकले. तो सगळ्या गल्लीनं चाखला, आणि सगळ्यांनी "व्हय व्हय" म्हटलं.

थंडी सुरू झाल्यावरच्या एका रविवारी बाई बसमधून उतरल्या त्या घरी न जाता थेट माझ्याकडे आल्या. एक जाड पुस्तक टाइपरायटरवरच उघडून ठेवलं आणि एका ओळीवर बोट दाबलं. कराराच्या कायद्यातलं संमतीचं कलम होतं. इंग्रजी होतं. बाईंनीच अर्थ सांगितला, एकेक शब्द वेगळा करून. "दोन माणसं एकाच गोष्टीला, एकाच अर्थानं हो म्हणली, तरच ती संमती. एकाच अर्थानं, अण्णा! मी काय वेगळं म्हणत होते? गाव हसलं, ऑफिसवाले हसले. आन् हे हितं छापलेलं होतं. माझ्या जन्माच्याबी आधी."

"मग करा की दावा," मी उसळून म्हणालो. मला खरंच राग आला होता.

"मुदत कवाच गेली त्याची." त्यांनी पुस्तक मिटलं. "आन् नोकरीचे नियम येगळे, हे कलम तितं लागू पडतंय का न्हाई, सरांनाबी इचारायचंय आजून. दावा न्हाई करायचा. मी खुळी न्हवते, येवढं कळलं. बास."

ते कलम त्यांनी साहेबांनाही जाऊन वाचून दाखवलं. साहेब तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ऐकून बराच वेळ हसले आणि म्हणाले, "तो अब लिख देव बेटी, राजीनामा. मेरे मतलब का." बाईंनी तिथंच कागद घेऊन वळणदार मराठी अक्षरात लिहिलं, की आमच्यात जे होतं ते मिटलं. दखनीत अर्थ सांगितल्यावर दोघांनी सह्या केल्या. या वेळी अर्थ एकच होता. साहेब त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

बाईंनी दोन्ही वर्षं पार पाडली. कोट नाही, कोर्ट नाही. पदवीचा कागद ट्रंकेत गेला आणि बाई परत पाढ्यांकडे आल्या. फरक पडला तो गावात. कुणी रुसून उठून निघालं, तर लोक आता म्हणू लागले, "आरं थांब, बाईला तरी इचार, कोणत्या अर्थानं म्हणला त्यो." चेष्टाच ती, पण चेष्टेची जात बदलली होती. मला वाटतं, बाईंना पदवीपेक्षा याचं समाधान जास्त होतं.

यजमान रिटायर झाले आणि मुलानं दोघांना सोलापूरला बोलावलं. बाईंना दमा लागला होता. निघायच्या दिवशी मी इन्स्टिट्यूट बंद ठेवून बसस्टँडवर गेलो. यजमान ट्रंक वर चढवत होते. बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"येते, अण्णा."

काहीतरी करायला हवं म्हणून मी हात वर केला, तळवा पुढं, पाचही बोटं ताठ. "थांबा. कोणत्या भाषेत म्हणलाव?"

बाई खळखळून हसल्या. मग विचार करून म्हणाल्या, "तिन्हीत तेच की, अण्णा. मराठीत येते म्हणतेत. कानडीत बर्तीनि म्हणतेत, म्हंजे येतेच. दखनीत जाके आतूं. जाते आसं कुणीच म्हणत न्हाई. ह्येच्यात समदे एकाच अर्थाचे."

गाडी सुटली. खिडकीतून हात वर आला, तळवा माझ्याकडे. या वेळी तो निरोपाचा होता.

पुढच्या वर्षी यजमानांचं कार्ड आलं. त्यात त्यांनी बाई 'गेल्या' असं लिहिलं होतं. मी तो शब्द बराच वेळ बघत बसलो. कोणत्या भाषेत, असं विचारायची सोय त्यात नव्हती. शेजारच्या खोलीत त्या शिकलेल्या मुलीच्या हाताखाली पोरं पाढे म्हणत होती. माझ्याकडचे विद्यार्थी त्या तालावर टाईप करत होते. मी कुणालाच थांबवलं नाही. बाई 'येते' म्हणाल्या होत्या. मी ते त्यांच्याच अर्थानं घेतलं आहे.